जुन्या कापडी खुर्च्या रंगवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कापडावर रंग खरंच टिकतो का, की दोन महिन्यांत पोपडे निघतात?

टिकतो, पण तो धाग्यात मुरला तरच. भिंतीवर रंग पृष्ठभागावर बसतो आणि तिथे त्याचा पापुद्रा होतो. भिंत वाकत नाही, त्यामुळे हा पापुद्रा वर्षानुवर्षं राहतो. खुर्चीची सीट मात्र माणूस बसला की दोन-तीन इंच दबते आणि उठला की परत वर येते. त्या हालचालीत कापडावर नुसता बसलेला थर तडकणारच. म्हणून कापड ओलं करणं, रंग पातळ ठेवणं, रंगाच्या दोन हातांमध्ये (म्हणजे दोन थरांच्या मध्ये) पॉलिश पेपरने घासणं ही सगळी खटपट रंग आत जावा, वर साचू नये यासाठीच असते.

दुसरी गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. रंगवलेलं कापड नव्या कापडासारखं मऊ राहत नाही. चांगलं काम झालं तर हाताला जाड कॅनव्हाससारखं किंवा वापरून मऊ झालेल्या चामड्यासारखं लागतं. रोज चार तास टीव्हीसमोर बसायच्या खुर्चीसाठी कापड बदलणंच योग्य. डायनिंगच्या, लिहायच्या टेबलाच्या किंवा कोपऱ्यातल्या शोभेच्या खुर्चीला रंग छान जमतो.

कोणतं कापड चालतं आणि कोणतं नाही?

घट्ट विणीचं, सपाट सुती किंवा लिननचं कापड सगळ्यात उत्तम. सुती-पॉलिएस्टर मिश्र कापडही चालतं. शंभर टक्के पॉलिएस्टर रंग कमी पितं, त्यामुळे तिथे पहिला हात आणखी पातळ लागतो. वेलवेट, शेनील आणि लव असलेलं कुठलंही कापड सोडून द्या. लव रंगात चिकटून तिचे काटे होतात आणि ते उघड्या हाताला बोचतात. सैल विणीचं, जाळीदार कापडही नको. त्यातून रंग खाली फोमपर्यंत जातो आणि वाळल्यावर तिथे गठ्ठे जाणवतात.

शंका असेल तर पाण्याचा थेंब टाकून पाहा. थेंब अर्ध्या मिनिटात मुरला तर कापड रंग घेईल. मोत्यासारखा वरच उभा राहिला तर कापडावर डागरोधक लेप आहे. तो साबणाच्या पाण्याने दोनदा घासून निघाला तर ठीक. तरीही थेंब उभाच राहत असेल, तर रंगाचंही तेच होणार.

आणि कापड जुनाट होऊन विरलं असेल, नखाने ओढल्यावर धागे तुटत असतील, तर रंग त्याला वाचवत नाही. उलट कडक झालेलं विरलेलं कापड कडेला लवकर फाटतं.

रेक्झिन किंवा चामड्याची खुर्ची असेल तर?

ते वेगळं काम आहे. खाली दिलेली ओल्या कापडाची पद्धत तिथे लागू नाही, कारण मुरायला धागेच नसतात. चामडं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तेलकटपणा काढावा, ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने फक्त चकाकी मोडेल इतकंच घासावं आणि चामड्यासाठीच बनवलेला लवचीक अॅक्रिलिक रंग स्पंजने अगदी पातळ पाच-सहा हातांत द्यावा.

रेक्झिनची अडचण अशी, की त्यात मऊपणासाठी घातलेलं प्लास्टिसायझर हळूहळू वर येत राहतं. साधा पाण्याचा रंग दिला तर तो सुरुवातीला झकास वाळतो आणि काही आठवड्यांनी चिकट होतो. त्यामुळे डब्यावर व्हिनाइलसाठी असल्याचं स्पष्ट लिहिलेला रंगच घ्यावा. पापुद्रे सुटू लागलेल्या नकली चामड्यावर कोणताच रंग देऊ नका. खालचा पापुद्रा सुटला की वरचा रंग त्याच्याबरोबर जातो.

रंग कोणता घ्यायचा?

तीन पर्याय कामाचे आहेत.

पहिला, पाण्यात मिसळणारा अॅक्रिलिक रंग (भिंतीचा मॅट इमल्शनही चालतो) आणि त्यात टेक्स्टाइल मीडियम. मीडियम म्हणजे वाळल्यावरही मऊ राहणारा अॅक्रिलिक बाइंडर. तो रंगाचे कण धाग्याला धरून ठेवतो आणि थर लवचीक ठेवतो. ज्या खुर्चीवर खरोखर बसायचं आहे, तिच्यासाठी आमची पसंती याच जोडीला.

दुसरा, चॉक पेंट. हे नाव अॅनी स्लोन यांनी १९९० मध्ये काढलेल्या रंगाचं. आता त्या धाटणीचे अनेक रंग मिळतात. तो दाट, मॅट आणि चांगला झाकणारा असतो, पण नुसता दिला तर खडूसारखा कोरडा लागतो. त्यामुळे त्याला भरपूर पाणी आणि शेवटी मेण लागतं.

तिसरा, कापडासाठीचा स्प्रे. काम झटपट होतं आणि हाताला मऊ लागतं, पण झाकणशक्ती कमी असते. फिकट कापड गडद करायचं असेल तरच घ्या.

ऑइल पेंट आणि साधा एनॅमल स्प्रे कापडावर नको. वास आठवडे जात नाही, थर काचेसारखा कडक होतो आणि पहिल्या बैठकीत तडकतो.

मिश्रणाचं प्रमाण काय?

अॅक्रिलिक किंवा इमल्शन रंग दोन भाग, टेक्स्टाइल मीडियम एक भाग, पाणी एक भाग. हे पहिल्या हाताचं प्रमाण. दुसऱ्या हातापासून पाणी अर्ध्यावर आणा. मीडियमच्या बाटलीवर वेगळं प्रमाण असेल तर तेच पाळा, कारण प्रत्येकाची घट्टता वेगळी असते. मीडियम वाचवून नुसतं पाणी वाढवण्याचा मोह होतो, पण पाण्याने बाइंडरही विरळ होतो. मग रंग वाळतो खरा, पण हात फिरवला की भुकटी निघते.

चॉक पेंट असेल तर पहिल्या हाताला रंग आणि पाणी समसमान. ढवळलेली काडी उचलल्यावर मिश्रण ताकासारखं अखंड गळलं पाहिजे. दह्यासारखं थबथब पडलं तर ते अजून दाट आहे.

एका खुर्चीला किती रंग लागेल?

भिंतीचा हिशोब इथे चालत नाही, कारण पहिला हात कापड अक्षरशः पिऊन टाकतं. ४५ बाय ४५ सेंटिमीटरच्या डायनिंग सीटला तीन हातांचं मिळून साधारण २०० मिलिलिटर तयार मिश्रण धरा: निम्मं पहिल्या हातात, उरलेलं पुढच्या दोन हातांत. हात, पाठ, बाजू सगळं कापडाचं असलेल्या मोठ्या आरामखुर्चीला एक लिटर मूळ रंग हाताशी ठेवा. रंग दोन डब्यांतला असेल तर आधी दोन्ही एका बादलीत एकत्र करून घ्या. नाहीतर पाठीची आणि सीटची छटा वेगळी पडते आणि ती उन्हात हमखास दिसते.

रंगवण्याआधी काय करायचं?

खुर्ची उलटी करून सुरुवात करा. सीट सुटी असेल तर खालून चार स्क्रू दिसतील. ते काढा, सीट वेगळी करा आणि सीटखाली व चौकटीवर तोच क्रमांक लिहून ठेवा. जुन्या सेटमध्ये एका खुर्चीची सीट दुसरीत नेमकी बसेलच असं नाही. शिवणींत, पायपिंगच्या (शिवणीवरच्या दोरीसारख्या गोल काठाच्या) मागे आणि स्टेपलच्या रांगेत टॉर्च मारून ढेकणांसाठी बघा. काळे बारीक ठिपके दिसले तर खुर्ची घरात न ठेवता आधी तो प्रश्न सोडवा.

मग व्हॅक्यूम क्लीनरने शिवणींसकट धूळ ओढा. भांड्यांच्या साबणाचे काही थेंब कोमट पाण्यात घालून, पिळलेल्या फडक्याने कापड पुसा. डोकं टेकतं ती पाठीची वरची कड आणि हातांची टोकं तेलकट असतात. तिथे दोन-तीनदा पुसावं लागतं. बहुतेक पोपडे नेमके याच दोन जागांवर निघतात. शेवटी साध्या पाण्याच्या फडक्याने साबण काढा आणि खुर्ची पूर्ण वाळू द्या. पाणी ओतू नका. फोम भिजला तर आतून वाळायला दिवस लागतात आणि कुबट वास धरतो.

डुगडुगणारे पाय, सुटलेली चौकट, बसलेला फोम हे सगळं आत्ताच दुरुस्त करा. रंगवलेल्या कापडाचे स्टेपल काढून परत ठोकताना कडेचा रंग तडकतो.

प्रत्यक्ष रंगवायचं कसं?

लागणाऱ्या वस्तू: दोन इंची सिंथेटिक केसांचा ब्रश, शिवणींसाठी अर्धा इंची ब्रश, पाण्याची स्प्रे बाटली, ३२० नंबरचा पॉलिश पेपर, मास्किंग टेप आणि पुसायला फडकी. डुकराच्या केसांचा ब्रश पाण्याच्या रंगात फुगून लोळागोळा होतो, म्हणून सिंथेटिकच घ्या.

एका वेळी एकच भाग घ्या, उदाहरणार्थ फक्त पाठ. त्यावर स्प्रे बाटलीने पाणी मारा. कापड ओलसर लागलं पाहिजे, ठिबकता कामा नये. घाम आलेल्या सदऱ्याइतकी ओल पुरे. ब्रशचं फक्त टोक बुडवा, डब्याच्या कडेला निथळा आणि रंग गोल गोल घासत कापडात जिरवा. चारही बाजूंनी ब्रश फिरला नाही, तर विणीच्या एका बाजूला रंग लागतो आणि दुसरी बाजू उघडी राहते. उभं राहून बघताना झाकल्यासारखं वाटतं आणि बसून बघितलं की जुना रंग दिसतो. गोल घासून झाल्यावर ब्रश कोरडा करून एकाच दिशेने हलके पट्टे ओढा.

पहिल्या हातानंतर खुर्ची अगदी वाईट दिसेल: ढगाळ, डागाळलेली, जुनी नक्षी डोकावणारी. घाबरून लगेच दुसरा हात देऊ नका. याच क्षणी जाड थर देऊन लोक काम बिघडवतात. किमान चार तास, दमट हवेत रात्रभर वाळू द्या. हाताच्या मागच्या बाजूने स्पर्श करा. गार लागलं तर आत ओल आहे.

वाळल्यावर कापड खरखरीत लागतं, कारण बारीक तंतू उभे राहून रंगात ताठ होतात. ३२० च्या पेपरने हलक्या हाताने, दाब न देता घासा. तळहात अडखळायचा थांबला की पुरे. तोंडावर मास्क हवा आणि धूळ व्हॅक्यूमने काढायला हवी. मग परत हलकं पाणी मारून दुसरा हात, परत वाळवणं, परत घासणं. बहुतेक खुर्च्यांना तीन हात पुरतात. चौथ्या हाताने झाकणशक्ती फारशी वाढत नाही, कडकपणा मात्र वाढतो.

बटणं, पायपिंग आणि शिवणींचं काय?

यांनाच आधी रंगवा, मोकळा भाग नंतर. बटणाच्या खोबणीत रंग साचून तळं होतं आणि वाळल्यावर तिथे चकचकीत टिकली दिसते. लहान ब्रशने रंग लावल्यावर कोरड्या ब्रशने खोबणीतला जास्तीचा रंग उचला. पायपिंगला वेगळा रंग द्यायचा असेल तर तो सगळ्यात शेवटी, जवळपास कोरड्या ब्रशने द्या. गोलाईवर मास्किंग टेप नीट बसत नाही, त्यामुळे तिथे टेपपेक्षा स्थिर हातच उपयोगी.

गडद कापड फिकट करता येतं का? नक्षी दिसत राहील का?

गडदावर फिकट रंग देण्याच्या फंदात शक्यतो पडू नका. मरून किंवा गडद निळ्या कापडावर पांढरा आणायला सहा-सात हात लागतात आणि तोवर सीट फळी झालेली असते. शिवाय काही लाल रंगद्रव्यं पाण्यात विरघळून वर येतात आणि पांढऱ्यावर गुलाबी झाक पडते. त्यासाठी ओल्या पांढऱ्या फडक्याने कापड जोरात घासून बघा. फडक्याला रंग लागला तर नवा रंग मूळ रंगापेक्षा गडदच निवडा.

छापील नक्षी तीन हातांत झाकते. विणलेली किंवा भरतकामाची नक्षी उंचसखल असल्यामुळे रंगाखालूनही दिसत राहते. एकरंगी खुर्चीवर ती कित्येकदा सुरेख दिसते, पण ती नकोच असेल तर रंगाचा मार्ग सोडा.

पिवळा आणि भडक लाल हे रंग मुळातच पारदर्शक असतात. त्यांच्याखाली फिकट राखाडीचा एक हात दिला तर दोन हात वाचतात. पांढऱ्यात टायटॅनियम डायऑक्साइड असतं, म्हणून पांढरा मिसळलेल्या फिक्या छटा चांगल्या झाकतात.

खुर्ची पत्र्यासारखी कडक झाली. आता?

रंग दाट होता, कापड कोरडं होतं किंवा दोन हातांमध्ये घासलं नाही. या तिन्हींपैकी काहीतरी झालं असणार. २२० च्या पेपरने वरचा थर घासून कमी करा, मग ३२० फिरवा आणि पारदर्शक फर्निचर मेण फडक्याने चोळा. मेणाने कडकपणा पूर्ण जात नाही, पण खरखर जाते. सीटच्या मधोमध भेगा पडल्या असतील तर त्यांत रंग भरू नका, त्या परत उघडतात. सीटपुरतं कापड बदलून बाकी खुर्ची तशीच ठेवणं हा त्यावरचा चांगला उपाय आहे.

वाळल्यावरही चिकट लागतं किंवा कपड्यांना रंग लागतो, असं का?

चिकटपणा बहुधा घाईमुळे येतो. वरचा थर कोरडा झालेला असतो आणि खाली ओल अडकलेली असते. हवेशीर जागी आठवडाभर ठेवा. मेण जास्त लागलं असेल तर कोरड्या सुती फडक्याने चोळून काढा.

कपड्यांना रंग लागतो की नाही ते बसण्याआधीच तपासा. पांढरं फडकं कोरडं असताना वीसदा घासा, मग ओलं करून वीसदा. कोरड्याला रंग लागला तर बाइंडर कमी पडलाय. टेक्स्टाइल मीडियम आणि पाणी समप्रमाणात मिसळून त्याचा बिनरंगाचा एक पातळ हात द्या. फक्त ओल्याला किंचित लागला तर बहुतेक वेळा रंग अजून पिकायचा आहे. तीन आठवड्यांनी परत बघा. मेण लावलेल्या पृष्ठभागावर मात्र पाण्याचा कुठलाच हात बसत नाही, म्हणून ही चाचणी मेणाआधी करा.

इस्त्री फिरवावी लागते का?

मीडियमच्या बाटलीवर उष्णता द्यायला सांगितलं असेल तर हो. शेवटच्या हातानंतर २४ तास थांबा. सुती कापड मध्ये ठेवून, वाफ बंद करून, मध्यम इस्त्री प्रत्येक भागावरून तीन ते पाच मिनिटं फिरवत राहा. एका जागी टेकवून ठेवू नका, खाली फोम आहे. गोलाईवर हेअर ड्रायर वापरा. रंग काढायची हीट गन अजिबात नको. ती फोम वितळवते आणि पेटवूही शकते. चॉक पेंट आणि मेण हा मार्ग घेतला असेल तर इस्त्रीचा प्रश्नच येत नाही.

मेण लावायलाच हवं का?

चॉक पेंटवर हो, मीडियमवाल्या रंगावर गरज नाही. शेवटचा हात वाळून २४ तास झाल्यावर मऊ पारदर्शक मेण अगदी थोडं घ्या, कापडात चोळा आणि अर्ध्या तासाने कोरड्या फडक्याने पुसून काढा. असे दोन पातळ हात द्या. मेणाऐवजी पॉलियुरेथेन वॉर्निश लावायची कल्पना बऱ्याच जणांना सुचते. लाकडावर ते ठीक, कापडावर त्याचा कडक पापुद्रा होतो आणि दबल्यावर करकर आवाज येतो.

लाकडी भाग आधी की कापड आधी?

लाकूड घासणं आणि प्रायमर आधी, कारण त्याची धूळ ओल्या कापडावर बसायला नको. मग कापडाचे सगळे हात. लाकडाचा शेवटचा हात सर्वात शेवटी, कापडाला टेप लावून. कापडाचा रंग लाकडावर उडाला तर पुसता येतो, लाकडाचा रंग कापडात गेला की परत येत नाही.

जुनं पॉलिश कसलं आहे ते लपलेल्या जागी स्पिरिटचा थेंब टाकून कळतं. मिनिटभरात मऊ, चिकट झालं तर लाखेचं पॉलिश आहे. १५० आणि मग २२० च्या पेपरने चकाकी मोडा. पांढऱ्या रंगातून पिवळसर-तपकिरी डाग वर येत असतील तर ते लाकडातलं टॅनिन किंवा जुना स्टेन. पाण्याच्या रंगाचे कितीही हात दिले तरी ते थांबत नाहीत. लाखेवर आधारित प्रायमरचा एक हात द्यावा लागतो.

लाकडावर आधीच जुना ऑइल पेंट असेल तर तो कोरडा घासू नका. जुन्या रंगांत शिसं असू शकतं. टेस्ट किटने तपासा आणि घरात लहान मुलं असतील तर घासण्यापेक्षा ते काम जाणकाराकडे द्या.

पट्टे किंवा स्टेन्सिल जमेल का?

जमेल. टेपच्या कडेखालून रंग झिरपू नये म्हणून टेप लावल्यावर तिच्या कडेवर आधी खालचाच मूळ रंग हलका फिरवा, तो वाळू द्या आणि मग पट्ट्याचा रंग द्या. जे झिरपायचं ते मूळ रंगाचंच झिरपतं, त्यामुळे रेघ स्वच्छ येते. स्टेन्सिलला पाणी न घातलेला रंग घ्या, ब्रश कागदावर टिपून जवळजवळ कोरडा करा आणि उभा ठोकत लावा. इथे कापड ओलं करायचं नाही.

बसायला कधीपासून घ्यायचं आणि निगा कशी ठेवायची?

तीन दिवसांनी जपून, पूर्ण वापर तीन-चार आठवड्यांनी. तोवर त्यावर उशी टेकवून ठेवू नका. नव्या अॅक्रिलिकला दाब मिळाला की दोन पृष्ठभाग एकमेकांना धरतात आणि उशी उचलताना रंग सोलला जातो.

सांडलेलं लगेच टिपा, घासू नका. अधूनमधून ओलसर फडक्याने पुसणं पुरे. ब्लीच, स्पिरिट आणि वाफेचं यंत्र दूर ठेवा. मेण लावलेली खुर्ची हीटरजवळ ठेवू नका, आणि वर्षभराने हातांच्या टोकांना थोडं मेण परत चोळा. उरलेला मूळ रंग एका लहान काचेच्या बरणीत काठोकाठ भरून ठेवा. दोन वर्षांनी कडेला खरचटलं तर अर्धा चमचा पुरतो. पाणी घातलेलं मिश्रण मात्र ठेवू नका. काही आठवड्यांत ते नासतं आणि बरणी उघडल्याबरोबर त्याचा वास कळतो.